पहिला उंच पर्वत, एका दिवसात: आधी परतीची वेळ ठरवा

उन्हाळ्यात बर्फ वितळतो, वाटा मोकळ्या होतात आणि दिवसही मोठा मिळतो. उंच पर्वताच्या माथ्यावर एका दिवसात जाऊन यायचं तर नवख्या माणसाने हाच ऋतू निवडावा. फक्त एक गैरसमज आधीच दूर करतो. अंधार पडायला रात्रीचे आठ वाजतात म्हणून चढाईला आठपर्यंत वेळ आहे, असं धरून चालू नका. उंचावरचा उन्हाळी दिवस बऱ्याचदा दुपारी बारा-एकलाच संपतो. पुढे ढग, वारा आणि विजा सुरू होतात. म्हणून मी या लेखाची सुरुवात बुटांपासून किंवा सॅकपासून करत नाही, घड्याळापासून करतो.

पायरी १: स्वतःचा वेग मोजा

हे काम सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. जवळपास जो काही चढ असेल तो घ्या, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक लावा आणि बोलता येईल इतक्या सावकाश गतीने चढा. पायथ्याची उंची, माथ्याची उंची आणि लागलेला वेळ वहीत लिहा. तासाला तुम्ही किती मीटर उंची चढता, हा आकडा तुम्हाला हवा आहे. नवख्यांचा आकडा साधारण २५० ते ३०० मीटरच्या आसपास येतो. पहिल्या वर्षी माझा २५० होता. तो कमी निघाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पुढचं सगळं नियोजन या खऱ्या आकड्यावरच उभं राहणार आहे. मित्राचा आकडा उसना घेतलात तर गणित तिथेच चुकेल.

जिने चढण्याचा सराव बरेच जण करतात आणि खाली लिफ्टने येतात. उलट उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्याची एक पायरी उतरणंही जड जातं. त्यामुळे सराव म्हणून उतारही चाला.

मोठ्या दिवसाआधी ६००-७०० मीटर चढाईचा एखादा पूर्ण दिवसाचा ट्रेक कराच. बूट कुठे चावतात, सॅकचा पट्टा कुठे रुततो, चार तासांनंतर खावंसं वाटतं की नाही, हे सगळं तिथे कळतं.

पायरी २: झेपेल असा पर्वत निवडा

नुसती उंची पाहून पर्वत निवडू नका. तीन गोष्टी पाहा: एकूण चढ, एकूण अंतर आणि वाटेचं स्वरूप. पहिल्या खेपेला १,००० ते १,२०० मीटर चढ आणि जाऊन-येऊन १५-१६ किलोमीटर पुरे. वाट मळलेली, खुणा केलेली असावी. जिथे हात लावून कातळ चढावा लागतो किंवा एका बाजूला सरळ दरी असलेली अरुंद आडवी वाट आहे, असे डोंगर पुढच्या वर्षासाठी ठेवा.

नावाजलेलं शिखर म्हणजे सोपं शिखर असंही समजू नका. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीची (४,४२१ मीटर) नेहमीची वाट जाऊन-येऊन सुमारे ३५ किलोमीटरची आहे. लोक ती एका दिवसात करतात, पण मध्यरात्रीनंतर लगेच निघून, आणि दमलेल्या पायांनी संध्याकाळी परततात. शिवाय तिथे हंगामात परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. तुमच्या पर्वताला परवाना लागतो का, वाट कुठल्या काळात उघडी असते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर बर्फाचे पट्टे उरतात का, हे त्या भागाच्या वनखात्याकडे किंवा उद्यानाच्या कार्यालयात आधी विचारा. पहाटे गोठून कडक झालेल्या बर्फाच्या उतारावरून साध्या बुटांनी जाणं हा नवख्याचा उद्योग नव्हे. असा पट्टा वाटेत आडवा आला आणि वळसा घालता येत नसेल, तर तिथूनच मागे फिरा.

पायरी ३: कागदावरचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही वापरात आहे. मेट्रिक मापात तो असा: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला त्यात आणखी एक तास.

समजा वाट एका बाजूने ८ किलोमीटर आणि चढ १,२०० मीटर. अंतराचा सुमारे दीड तास, चढाचे दोन तास, म्हणजे वर पोचायला साडेतीन तास. पण नेस्मिथचा माणूस तरबेज आहे आणि तो कुठेही बसत नाही. नवख्याने या आकड्याची दीडपट करावी, म्हणजे सव्वापाच तासांच्या जरा वर. त्यात विश्रांती मिळवली की सहा तास. आता तुमच्या वहीतला आकडा घ्या. तासाला २५० मीटरने १,२०० मीटरला पावणेपाच-पाच तास, अधिक विश्रांती. दोन्हींपैकी जी वेळ जास्त येईल ती धरा. वाट ३,००० मीटरच्या वर जात असेल तर वरच्या टप्प्याला आणखी थोडी सूट द्या. उतरायला चार तास धरा. माथ्यावर अर्धा तास.

हिशेब झाला साडेदहा तासांचा. साडेअकरा ही परतीची वेळ ठरवायची असेल आणि चढायला सहा तास लागणार असतील, तर अगदी उशिरात उशिरा साडेपाचला पाऊल उचललेलं असायला हवं. मी आणखी एक तास पदरी ठेवतो, म्हणजे साडेचार. त्या तासात बुटाची नाडी तुटते, कोणाला तरी फोड येतो, एखादं वळण चुकतं.

आता एका चिठ्ठीवर या चार वेळा लिहा: निघण्याची, पहिल्या टप्प्याची, दुसऱ्या टप्प्याची आणि परतीची. टप्पे ठळक असावेत, जसं एखादी खिंड, ओढा, झाडी संपते ती जागा. परतीच्या वेळेखाली रेघ ओढा. माथा पायांखाली असो वा नसो, त्या वेळेला तोंड खालच्या दिशेने वळतं. हे घरी, पोटभर जेवलेलं असताना आणि डोकं शांत असताना ठरवायचं असतं. वर दम लागलेला असताना आणि माथा डोळ्यांसमोर दिसत असताना माणूस स्वतःशी प्रामाणिक राहत नाही.

हे मला एका दिवसाने शिकवलं. आम्ही चौघे होतो. दुसऱ्या टप्प्यावर पोचलो तेव्हा पन्नास मिनिटं उशीर झाला होता, पण माथा अगदी समोर वाटत होता. तासाभराने तिथे पोचलो तर ते फसवं शिखर निघालं. खरा माथा मागे, आणखी एका धारेपलीकडे. तरीही गेलो. दीडच्या सुमारास उघड्या धारेवर गारांनी गाठलं, आणि सोबतच्या मैत्रिणीचे केस टोपीखालून ताठ उभे राहिलेले मी पाहिले. डोक्यावरच्या ढगात वीज साठली आहे, ती कुठल्याही क्षणी पडेल, याची ती खूण होती. आम्ही धार सोडून सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून जवळजवळ घसरतच खाली आलो आणि उरलेली वाट अंधारात, चौघांत एका टॉर्चवर उतरलो. कोणाला काही झालं नाही. पण ते आमच्या शहाणपणामुळे नव्हतं. पहिल्या टप्प्याला उशीर झाला तेव्हाच चिठ्ठीने आम्हाला सावध केलं असतं. फक्त तेव्हा आमच्याकडे चिठ्ठी नव्हती. एक ध्यानात ठेवा, पहिल्या टप्प्यावर गेलेला वेळ वर कधीच भरून निघत नाही. वर हवा विरळ होते आणि चढही बहुधा वाढतो.

पायरी ४: उंचीची सवय

हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे २१ टक्केच असतो, पण दाब कमी होत जातो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो, ४,००० मीटरवर ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तितका कमी. शिखर ३,००० मीटरच्या वर असेल तर आदल्या एक-दोन रात्री २,००० ते २,५०० मीटरच्या दरम्यान मुक्काम करा. सपाटीवरून रात्रभर प्रवास करून थेट चढायला लागणं टाळाच. जपानच्या फुजीवर (३,७७६ मीटर) न झोपता एका दमात चढून उतरण्याला तिथे ‘गोळी चढाई’ म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी. अशी चढाई आणि गर्दी रोखण्यासाठी २०२४ पासून तिथल्या योशिदा वाटेच्या तोंडाशी दुपारनंतर फाटक बंद करायला सुरुवात झाली. वर झोपडीत जागा राखून ठेवलेल्यांनाच पुढे सोडतात.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जेवणावरची वासना उडणं ही उंची न मानवल्याची लक्षणं. २,५०० मीटरच्या वर कोणालाही, कितीही तंदुरुस्त माणसाला, ती होऊ शकतात. डोकं दुखायला लागलं तर थांबा, पाणी प्या, थोडं खा. बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका. वाढलं तर खाली चला. पुढच्या खुणा दिसल्या तर मात्र एक मिनिटही थांबायचं नाही: बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, बोलण्यात गोंधळ, किंवा टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालता न येणं. ही फुप्फुसात किंवा मेंदूत सूज किंवा पाणी झाल्याची चिन्हं असू शकतात. अशा माणसाला एकटं सोडू नका, लगेच खाली उतरवा आणि मदत मागवा. गोळी देऊन वर नेणं हा उपाय नाही. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी, आणि उंचीसाठीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर त्याबद्दलही, डॉक्टरांना आधी विचारावं.

पायरी ५: सॅकमध्ये काय

दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला २५ अंश असेल तर १,२०० मीटर वर ते १७ च्या आसपास, आणि अंगात घाम व वर वारा असेल तर त्याहून बरंच थंड लागतं. म्हणून उन्हाळा असला तरी एक उबदार थर, एक वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी आणि पातळ हातमोजे सॅकमध्ये असलेच पाहिजेत. सुती कपडे टाळा. ओले झाले की अंगाला चिकटून ऊब काढून घेतात.

पाणी दर तासाला अर्धा लिटर या हिशेबाने, आणि वाटेत झरा असेल तर पाणी शुद्ध करण्याची सोय. नुसतं पाणी ढोसत राहू नका. घामातून मीठही जातं, त्यामुळे खारट खाणं किंवा क्षार-साखरेची पूड सोबत हवी. खाणं थोडं थोडं, दर तासाला, भूक लागायच्या आधी.

उन्हाकडे फार जण दुर्लक्ष करतात. दर १,००० मीटरला अतिनील किरणांचा मारा सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, आणि वाऱ्यामुळे कातडी भाजते आहे हे कळतही नाही. काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा. नाकाच्या खालचा भाग, कानाच्या पाळ्या आणि मान विसरू नका. बर्फाचा पट्टा असेल तर ऊन खालूनही उलटून येतं.

बाकी: प्रत्येकाचा स्वतंत्र हेडटॉर्च (चौघांत एक नव्हे), शिट्टी, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी, नेहमीची औषधं, पॉवरबँक, आणि कचऱ्यासाठी पिशवी. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, आणि फ्लाइट मोडवर बॅटरी बराच वेळ टिकते. तरीही कागदी नकाशा घ्या. त्यावर उंचीच्या रेषा जिथे दाटीवाटीने दिसतात तिथे खडा चढ आहे, एवढं वाचता आलं तरी खूप. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकावर आपटून ती काळीनिळी होतात. नवे कोरे बूट घालून निघू नका.

घरी राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्या: कुठली वाट, सोबत कोण, परत यायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळवायचं.

पायरी ६: पहाटेपासून माथ्यापर्यंत

पहिला अर्धा तास मुद्दाम, लाज वाटेल इतका सावकाश चाला. थंडीत अंगात हुरूप असतो आणि बहुतेक जण दिवसभराची ताकद इथेच उधळतात. कसोटी सोपी आहे: पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. तुकड्या-तुकड्यात बोलायला लागलात की वेग जास्त झाला. लहान पावलं टाका, पूर्ण तळवा टेकवा, आणि पळत जाऊन धापा टाकत बसण्यापेक्षा एका लयीत चालत राहा. दर तासाला पाच-सात मिनिटं थांबा. अंग गार पडण्याआधी वरचा थर चढवा आणि निघताना काढा. हा त्रास वाटतो, पण घामाने भिजलेला माणूस धारेवर कुडकुडतो.

सर्वांत हळू चालणारा पुढे ठेवा. मागे राहिलेला माणूस प्रत्येक थांब्यावर पोचतो तेव्हा बाकीचे उठायच्या तयारीत असतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सर्वांत मागे एक जाणता माणूस हवा.

वाट फुटते तिथे मागे वळून पाहा आणि परतीच्या बाजूने दिसणाऱ्या दृश्याचा फोटो काढा. चढताना ओळखीची वाटणारी वाट उतरताना साफ परकी दिसते, आणि चकवा बहुधा उतरतानाच लागतो. बुटात कुठे गरम लागलं की तिथल्या तिथे थांबा आणि पट्टी लावा. नंतर बघू म्हटलं की अर्ध्या तासात फोड.

नऊ-दहानंतर आकाशाकडे लक्ष द्या. ऊन उतारांना तापवतं, गरम हवा डोंगराच्या अंगाने वर चढते, तिच्यातलं बाष्प थंड होऊन ढग बनतात. कापसाच्या लहान पुंजक्यांचं काही नाही. पण ते रुंदीपेक्षा उंचीत वाढायला लागले, मनोऱ्यासारखे उभे राहिले, तळ काळवंडला, की चिठ्ठीवरच्या वेळेची वाट न पाहता फिरा. कोलोरॅडोत १४,००० फुटांवरची पन्नासहून जास्त शिखरं आहेत, आणि तिथल्या मुरलेल्या माणसांचा सल्ला एकच असतो: बाराच्या आत माथा सोडा. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यावर पडू शकेल इतकी जवळ आहे. धार आणि माथा सोडा, एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीत शिरू नका, काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून लांब थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

माथ्यावर पोचलात तर पहिलं काम म्हणजे अंगात उबदार थर घालणं, दुसरं खाणं. फोटो त्यानंतर. आणि मग बसा, शांतपणे चहूकडे पाहा. यासाठीच आलात, तो अर्धा तास घाईत घालवू नका.

पायरी ७: उतरण

घसरून पडण्याचे प्रकार चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतात. पाय दमलेले, मन घरी पोचलेलं. निघण्याआधी नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधा, काठ्या असतील तर थोड्या लांब करा. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान, वजन पायांच्या वर. भीतीने मागे रेललात की टाच सटकते. घसाऱ्यावर आडवं वळून उतरा आणि सरळ एकाखाली एक चालू नका. पायाखालून दगड सुटला तर ‘दगड!’ अशी मोठ्याने हाक द्या, तो लहान असला तरी.

वितळत्या बर्फाचे ओढे सकाळपेक्षा दुपारी फुगलेले असतात. सकाळी दगडावरून ओलांडलेला ओढा परतताना मांडीपर्यंत असू शकतो. हेही परतीची वेळ पाळण्याचं एक कारण. जवळची वाट म्हणून घळीत उतरू नका. घळ पुष्कळदा खाली कड्यावर संपते.

कोणी भिजून कुडकुडत असेल, बोलताना अडखळत असेल, झिप लावता येत नसेल, तर थंडीने अंग बधिर होत चाललं आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा द्या, गोड काहीतरी खायला द्या. भर उन्हाळ्यातही हे होतं, पाऊस आणि वारा एकत्र आले की पुरतं. मदत बोलवायची वेळ आली तर डोंगरातला संकेत मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, असा आहे. अंधारात टॉर्चही तसाच चमकवतात. उत्तर मिनिटाला तीन येतं.

शौचाला जायचं झालं तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खड्डा करून. कागद पिशवीत परत. झाडी संपल्यावर माती उथळ असते आणि तिथली रोपं फार सावकाश वाढतात, त्यामुळे वाट सोडावी लागली तर दगडावर पाय ठेवा.

खाली पोचल्यावर घरी फोन करा, कोरडे मोजे घाला, पोटभर खा. पहाटे तीनला उठलेल्या माणसाने लगेच गाडी चालवायला बसू नये. तासभर झोपा किंवा त्या रात्री तिथेच राहा. मग चिठ्ठी काढा आणि ठरवलेल्या प्रत्येक वेळेसमोर प्रत्यक्षात लागलेली वेळ लिहा, तासाला किती मीटर चढलात तो नवा आकडाही. पुढच्या पर्वताचा हिशेब त्यावरून करायचा आहे.